कढईसमोरची प्रार्थना

2 डिसेंबर 2025. लेबनॉनचा दौरा आटोपून पोप लिओ चौदावे रोमला परतत होते. विमानात पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले, मला समजून घ्यायचं असेल तर संत ऑगस्टीन आहेतच, पण एक छोटंसं पुस्तकही वाचा. त्या पुस्तकामागचा माणूस कुणी धर्मपंडित नव्हता. सतराव्या शतकातल्या पॅरिसमधल्या एका मठाचे ते आचारी होते, नाव ब्रदर लॉरेन्स. देवाच्या सान्निध्यात कसं राहायचं हा पुस्तकाचा विषय, आणि त्यातला बराचसा अनुभव स्वयंपाकघरातला.

बातमी आली आणि दोन प्रकारची माणसं गोंधळली. ज्यांच्या लेखी ध्यान म्हणजे मिटलेले डोळे, आसन आणि शांतता, त्यांना भांड्यांच्या खडखडाटात ध्यान कसं करायचं ते कळेना. दुसऱ्यांना आयतंच सर्टिफिकेट मिळालं : बघा, काम हीच प्रार्थना, मग वेगळं बसायला कशाला हवं! ब्रदर लॉरेन्स या दोन्हींपैकी काहीच म्हणत नाहीत.

## हे आचारी होते कोण?

मूळ नाव निकोला हेर्मान. जन्म 1614 च्या सुमारास, लॉरेन प्रांतातल्या हेरिमेनिल गावी. तीस वर्षांच्या युद्धात ते शिपाई होते. पायाला जखम झाली आणि लंगडेपणा जन्माचा मागे लागला. मग एका बड्या माणसाकडे नोकरी केली. तिथल्या स्वतःबद्दल त्यांचंच सांगणं असं की मी धांदरट, हाताला लागेल ते फोडायचो. 1640 मध्ये पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावर कार्मेल या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ते दाखल झाले, पण धर्मगुरू व्हायला नाही. व्रतं घ्यायची, मिस्सा करायची नाही, मठातली अंगमेहनतीची कामं उपसायची, अशा साध्या बंधूंपैकी ते एक.

पंधराएक वर्षं त्यांनी स्वयंपाकघर सांभाळलं. पुढे पाय अगदीच साथ देईना तेव्हा बसून चपला दुरुस्त करायचं काम मिळालं. मध्येच कधी वाइन खरेदीला बर्गंडीला पाठवलं जायचं. व्यवहारातलं काही कळत नव्हतं आणि बोटीवर धड चालता येत नव्हतं, म्हणून हा माणूस पिंपांवरून गडगडत इकडून तिकडे जायचा. 12 फेब्रुवारी 1691 रोजी ते वारले. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांच्याशी झालेली चार संभाषणं टिपून ठेवली होती. ती आणि पंधरा-सोळा पत्रं नंतर छापली गेली.

यातली एक गोष्ट वाचणाऱ्यांच्या हातून हमखास सुटते. ब्रदर लॉरेन्सना स्वयंपाकघराचा मुळातच तिटकारा होता. त्यामुळे 'आवडीचं काम तल्लीन होऊन करणं म्हणजेच ध्यान' हा अर्थ इथे लागूच पडत नाही. नावडत्या कामाचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

## ओठ, मन आणि मग गप्प बसणं

कॅथलिक परंपरेत प्रार्थनेचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात. पहिली मुखप्रार्थना. यात शब्द ठरलेले असतात : 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मरिया', रोझरी. दुसरं मनन. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, एखादा प्रसंग घ्यायचा, त्यात शिरायचं, तो आपल्याला काय म्हणतो याचा विचार करायचा. तिसरं ध्यान. इथे विचारही मंदावतात आणि माणूस देवासमोर प्रेमाने नुसता बसून राहतो. बाराव्या शतकातले कार्थुसियन मठवासी दुसरे ग्विगो यांनी हे जेवणाच्या भाषेत सांगितलंय. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना म्हणजे त्याची चव काढणं आणि ध्यान म्हणजे तो गोडवाच.

आविलाच्या संत तेरेजांची उपमा मराठी माणसाला जास्त जवळची वाटावी. 1565 च्या सुमारास पूर्ण केलेल्या आत्मचरित्रात त्या म्हणतात की प्रार्थना म्हणजे बाग शिंपणं, आणि बाग शिंपायच्या रीती चार. विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढायचं. नाहीतर रहाट लावायचा. नाहीतर ओढ्याचं पाणी पाटाने आणायचं. आणि चौथी रीत म्हणजे पाऊस. वसईच्या वाड्यांमध्ये बावखलावरचा, म्हणजे तिथल्या छोट्या तळ्यावरचा, रहाट ज्यांनी पाहिलाय त्यांना यातला हिशेब वेगळा समजावून सांगायला नको : पाणी वाढत जातं तसे हाताचे कष्ट कमी होत जातात, आणि पाऊस काही आपल्या हातात नसतो. नवशिके नेमकी चूक इथेच करतात. कुणाच्या तरी पावसाची वर्णनं वाचतात आणि आपला पोहरा खाली ठेवून आभाळाकडे बघत बसतात. तेरेजांच्या मते बाग जगवायची तर सुरुवात पोहऱ्यानेच करायची. विहीर कोरडी निघाली तरी माळ्याने आपलं काम सोडायचं नाही.

ब्रदर लॉरेन्स तेरेजांच्याच कार्मेल घराण्यातले. त्यांनी भर घातली ती एवढीच, की प्रार्थनेच्या वेळी देवाकडे जे वळणं होतं ते त्यांनी दिवसभरात वाटून टाकलं. सान्निध्य म्हणजे देव इथे आहे हे आठवणं आणि क्षणभर त्याच्याकडे वळणं. डोळ्यांपुढे चित्र आणायचं नाही, अंगावर रोमांच यायची वाट पाहायची नाही.

## मग भाजी करपणार नाही का?

रास्त शंका आहे. दोन गोष्टींवर एकाच वेळी पूर्ण लक्ष देता येत नाही, आणि ब्रदर लॉरेन्सही तसा दावा करत नाहीत.

गॅसवर कुकर आहे आणि तुम्ही फोनवर बोलताय. बोलणं नीट चाललेलं असतं, तरी 'दोन झाल्या' हे कुठेतरी आत नोंदलं जातं. शिट्ट्या ऐकत कुणी उभं राहत नाही, पण कानाचा एक कोपरा तिकडे असतो. सान्निध्य साधारण असंच. आणि हो, कधी कधी मोजणी चुकते. तेही या उपमेत बसतं.

बोफोर यांच्या टिपणांतून ब्रदर लॉरेन्सची रीत बरीच नेमकी कळते. काम सुरू करण्याआधी ते छोटी प्रार्थना करत : देवा, तू माझ्याजवळ आहेस, आता मला या बाहेरच्या कामात लक्ष घालायचंय, तू सोबत राहा. मग काम. काम डोक्याचं असेल तर डोकं कामातच. मधे उसंत मिळाली की एक शब्द, एक वळणं. काम संपलं की कसं झालं ते तपासायचं. नीट झालं असेल तर आभार, बिघडलं असेल तर क्षमा. आणि खट्टू न होता पुन्हा पहिल्यासारखं. तव्यावरचं ऑम्लेट मी देवाच्या प्रेमापोटी उलटतो, असं त्यांचं एक वाक्य नोंदलेलं आहे. ऑम्लेट उलटायला चार सेकंद लागतात. ही प्रार्थना बहुधा तेवढीच असते.

## सकाळची वीस मिनिटं

दिवसभराचं हे वळणं हवेत टिकत नाही. तेरेजांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे कार्मेलमध्ये रोज दोन तास मूक प्रार्थना असते, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. ब्रदर लॉरेन्स त्याच वेळापत्रकात राहत होते. पुढे पुढे त्यांना प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत फरक वाटेनासा झाला हे खरं, पण आधी कितीतरी वर्षांची बैठक झालेली होती. 'काम हीच प्रार्थना' म्हणून बसणं सोडणारा माणूस विहीर बुजवून पाट काढायला निघालेला असतो.

घरात राहणाऱ्या माणसाने वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. तासाचा संकल्प आठवड्याभरात मोडतो आणि मग शून्यावर येतो. वेळ सकाळची, घर जागं व्हायच्या आधीची. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण शेजारी उलटा घालून ठेवलेला फोनही अर्धं मन खातो. गजर मात्र घड्याळाचा लावा, नाहीतर निम्मा वेळ 'किती झाली असतील' यातच जातो. खुर्चीत बसा, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही.

पहिली दोन मिनिटं फक्त एवढंच : तू आहेस, मी आहे. मग शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी सावकाश, दोनदा. समजा मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तिमय घेतला. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? या प्रश्नाशी अडखळायला झालं तर पुढे वाचू नका. प्रश्न आपल्याला विचारलाय असं धरून उत्तर द्या, आपल्या रोजच्या भाषेत. उत्तर देऊन झालं की गप्प बसा.

इथे दुसऱ्याच मिनिटाला गॅस सिलिंडर नोंदवायचा राहिल्याचं आठवतं. मग पावती कुठे ठेवली ते, मग ज्याने पावती हरवली त्याच्यावरचा राग. तीन मिनिटं गेलेली असतात. आपण भरकटलोय हे ज्या क्षणी लक्षात येतं, तो क्षण या प्रार्थनेत मोलाचा. तेव्हा स्वतःवर चिडायचं नाही, सिलिंडरशी वाद घालायचा नाही, फक्त ओळीकडे परत यायचं. वीस मिनिटांत असं तीस वेळा झालं तर तीस वेळा वळणं झालं. दुपारी कढईसमोर जे करायचंय त्याची ही तालीम.

मन भटकल्याची तक्रार करणाऱ्या कुणाला तरी ब्रदर लॉरेन्सनी पत्रातून दोन सल्ले दिले. एक, प्रार्थनेत फार शब्द वापरू नका, लांबण लागली की मन निसटतं. श्रीमंताच्या दाराशी मुका, लुळा भिकारी बसावा तसं बसा. दुसरा सल्ला जास्त कामाचा : दिवसभर मनाला मोकाट सोडलं तर प्रार्थनेच्या वेळी ते जागेवर येणार नाही. म्हणजे सकाळ दिवसाला आधार देते आणि दिवस सकाळला.

दिवसासाठी तीन जागा ठरवा. गॅस पेटवताना, लिफ्टमध्ये, लोकलची वाट पाहताना, अशा कोणत्याही तीन. दहा ठरवल्या तर एकही टिकत नाही. ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात इजिप्तमधल्या साधूंची रीत सांगितलीय. ते वारंवार पण अगदी छोट्या प्रार्थना करत, बाण सोडावा तशा, कारण लांब प्रार्थनेत लक्षाची धार बोथट होते. शब्द सुचत नसतील तर बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची सुरुवात घ्या : हे देवा, माझ्या मदतीला लवकर ये. हीच ओळ सुखात, दुःखात, झोपताना, उठताना म्हणावी असा सल्ला योहान कासियान यांनी पाचव्या शतकात नोंदवून ठेवलाय. सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजणारी चर्चची आंजेलसची घंटा तरी दुसरं काय करते? हातातलं काम मिनिटभर थांबवते.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं संत इग्नेशियस लोयोला यांच्या रीतीने दिवस तपासायचा. आधी आभार, मग स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून मागणं, मग दिवसाची उजळणी, क्षमा, आणि उद्यासाठी एखादीच नेमकी गोष्ट. क्रम बदलू नका. सुरुवात चुकांपासून केली की पाचही मिनिटं स्वतःला झोडपण्यात जातात.

## झोप येते, त्याचं काय?

लिझ्यूच्या तेरेजा, ज्यांना लहान तेरेजा म्हणतात, पंधराव्या वर्षी कार्मेलमध्ये गेल्या आणि प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षं पेंगत राहिल्या. त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय, आणि पुढे असंही की मूल झोपलेलं असलं तरी आईबापांना तेवढंच आवडतं. म्हणून डोळा लागला तर अपराधी वाटून घेऊ नका. पण रोजच लागत असेल तर रात्री लवकर झोपा. यावर दुसरा उपाय नाही.

जोर लावण्याचा प्रकार जास्त त्रासदायक. कपाळाला आठ्या घालून 'देव, देव' करत राहिलं की डोकं दुखतं, आणि चार दिवसांनी माणूस 'हे आपलं काम नाही' म्हणून सोडून देतो. वळणं हलकंच हवं, मान वळवून शेजारच्याकडे पाहावं इतकं.

## हे विपश्यनेसारखंच झालं की!

बसण्याची रीत बाहेरून सारखी दिसते. इगतपुरीला दहा दिवस बसून आलेल्या माणसाला मन भटकणं आणि परत आणणं वेगळं शिकवावं लागत नाही. फरक आहे तो परत कुठे यायचं यात. तिथे श्वासाकडे, संवेदनांकडे. इथे कुणाकडे तरी. आविलाच्या तेरेजांच्या व्याख्येत मूक प्रार्थना म्हणजे जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे त्याच्याशी एकांतात केलेलं मैत्रीचं बोलणं. समोर कुणी नाहीच असं धरलं तर ही प्रार्थना उरत नाही, फक्त स्वस्थता उरते. स्वस्थताही वाईट नाही, पण ती वेगळी वस्तू.

याबाबत चर्चची भूमिका सावध आहे. व्हॅटिकनने 15 ऑक्टोबर 1989 रोजी, म्हणजे तेरेजांच्याच सणाच्या दिवशी, ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढलं. इतर परंपरांतलं चांगलं ते घ्यायला त्यात हरकत नाही. पण शरीर सैल पडल्यावर जे बरं वाटतं त्यालाच पवित्र आत्म्याचा स्पर्श समजू नका, असा इशारा आहे. महाराष्ट्राला हा वाद परका नाही. मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी 1970 च्या दशकात पुण्यात साधना संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. श्वास आणि देहाची जाणीव यांतून प्रार्थनेत शिरायला ते शिकवत. 1987 मध्ये ते वारले आणि 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असं जाहीर केलं. श्वास मोजून मन स्थिर करणं इथे कुणाला खटकलं नव्हतं. देव हा 'तू' राहतो की नाही, हा मुद्दा होता.

मराठी वाचकाला सावता माळीही आठवणारच. मात्र दोन्ही एकच म्हणायची घाई नको. सावतोबांना मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसतो. ब्रदर लॉरेन्सना ऑम्लेटमध्ये देव दिसत नाही, ते ऑम्लेट देवासाठी करतात. दोघांची जवळीक आहे ती दुसऱ्याच बाबतीत : दोघांनाही देवासाठी काम सोडून जावंसं वाटलं नाही.

## संसारातल्या माणसाला हे झेपेल?

1609 मध्ये संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी खास संसारी माणसांसाठी लिहिताना हाच प्रश्न घेतला. बिशपने कार्थुसियन साधूसारखं एकांतात राहायचं ठरवलं किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला तर ते हास्यास्पद होईल, असं ते म्हणतात. ज्याची त्याची भक्ती त्याच्या कामाला आणि ताकदीला साजेशी हवी. तान्हं मूल असलेल्या बाईला सकाळची वीस मिनिटं मिळणार नाहीत. तिने दूध पाजतानाची पाच घ्यावीत.

उलटी पळवाटही असते. प्रार्थनेच्या नावाखाली भांडी दुसऱ्यावर टाकणारेही कमी नाहीत. तेरेजा मठातल्या बहिणींना सांगत की भांड्याकुंड्यांमध्येही देव वावरतो. प्रार्थनेतली गोडी निसटू नये म्हणून अंग चोरून, डोकं खाली घालून हलायलाही न धजणाऱ्या बहिणींची त्या चक्क थट्टा करतात. आजारी बहीण दिसली तर गोडी सोडा आणि तिच्याकडे जा, हा त्यांचा हुकूम.

## महिनोन्महिने काहीच जाणवत नसेल तर?

ब्रदर लॉरेन्सची पहिली दहा वर्षं आतून फार वाईट गेली. आपण देवाला नकोसे आहोत असंच त्यांना वाटत राहिलं. प्रसन्न आचारी दिसतो तो त्यानंतरचा.

कोरडेपणाची कारणं अनेक असतात आणि सगळ्यांवर एकच औषध नसतं. क्रूसाचे संत योहान यांनी तीन खुणा दिल्यात. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगातल्या दुसऱ्या कशातही नाही. आपण मागे पडतोय याची मनाला टोचणी आहे. आणि पूर्वीसारखं मनन करू म्हटलं तरी होत नाही. तिन्ही एकत्र असतील तर बहुधा पोहऱ्याचे दिवस संपत आलेत. अशा वेळी जबरदस्तीने विचार न करता नुसतं बसावं. प्रार्थनेत गोडी नाही पण रील्स बघण्यात भरपूर आहे, असं असेल तर तो साधा आळस.

तिसरी शक्यताही योहान यांना ठाऊक होती. त्यांच्या काळात तिला 'मेलँकली' म्हणत, आपण नैराश्य म्हणतो. झोप उडाली, भूक गेली, जगणं नकोसं वाटतं, घरच्यांशी बोलणं तुटलं, तर आधी डॉक्टरकडे जा. औषधं चालू ठेवून सकाळी पाच मिनिटं बसता येतं. मात्र तेवढे दिवस गप्प बसण्याऐवजी ठरलेल्या शब्दांची प्रार्थना बरी. मन आधीच अंधारात असताना त्याला आणखी एकटं सोडू नये. ज्यांच्याकडे पापनिवेदनाला जाता त्या फादरना किंवा मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टरना हेही स्पष्ट सांगा. त्यांनी 'ही आत्म्याची रात्र, म्हणजे देवानेच दिलेला कोरडेपणा आहे, गोळ्या सोडा' असं म्हटलं, तर मार्गदर्शक बदला.